बालतीन

३ जानेवारी २००२, गुरुवार

बँकेने यंदाही डायरी पाठवली. मी गेल्या मार्चमध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली, हे बहुतेक तिथे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

नवी वही म्हणजे आधी खातेदारांची ओळख. मी शांताराम खटावकर, वय त्रेपन्न, मूळ गाव खटाव तालुक्यात, सध्या नालासोपारा पश्चिम, दुसरा मजला. पत्नी वसुंधरा, माहेर देवगड, मराठी शाळेत मुख्याध्यापिका. तिची अजून सहा वर्षं नोकरी आहे आणि हे ती दिवसातून एकदा तरी ऐकवते. एकुलती मुलगी ज्ञानदा, डोंबिवलीला दिलेली, पहिलं बाळंतपण फेब्रुवारीच्या शेवटी. त्यासाठी ती इकडे येणार आहे. जावई विघ्नेश, कॉम्प्युटरमध्ये. कॉम्प्युटरमध्ये म्हणजे नक्की कुठे, ते मी विचारलेलं नाही.

बँकेत सत्तावीस वर्षं झाली, त्यातली एकोणीस सह्या पडताळण्याच्या टेबलावर. नमुना सहीचं कार्ड डाव्या हाताला, चेक उजव्या. जुळलं तर खाली माझी लाल शाईतली 'शां. खटावकर'. तिच्याशिवाय चेक पुढे सरकत नसे.

आज कुरिअरवाला आला. दार मी उघडलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "घरात कोणी आहे का?" आणि वसुंधरेची सही घेऊन गेला.

संध्याकाळी वसुंधरा म्हणाली, "अहो, सकाळी जरा बाहेर फिरायला जात जा. मी डबा करत असताना मागे उभं राहून 'गॅस बारीक कर' असं सांगायला माणूस लागत नाही मला."

१५ जानेवारी, मंगळवार

आज कळंबच्या एसटीत बसून समुद्रावर गेलो. समुद्राबद्दल मला पहिल्यापासून आदर नाही. एवढं पाणी, आणि तांब्याभर प्यायच्या उपयोगाचं नाही. पण कंडक्टरने 'कळंब, कळंब' इतकं ओरडून सांगितलं की उतरावं लागलं.

ओहोटी होती. वाळूच्या पुळणीच्या टोकाला काळ्या खडकांची खडपं उघडी पडली होती आणि त्यांच्यात पाण्याची लहानमोठी कुंडं साचली होती. चौथ्या कुंडात मला एक प्राणी दिसला. वीतभर लांब, मऊ, शेवाळी रंगाचा. पुढे दोन शिंगं, मागे सशासारखे दोन कान. अंगभर बारीक पांढरे ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती काळं कडं, अगदी पोस्टाच्या शिक्क्यासारखं. मी बोट लावलं, तर त्याने जांभळी शाई सोडली! कुंड जांभळं, माझा हात जांभळा, पांढऱ्या सदऱ्याची बाही जांभळी.

इतकी सुंदर शाई मी एकोणीस वर्षांत स्टॅम्पपॅडवर पाहिली नाही. दहा महिन्यांनी पहिल्यांदा मला वाटलं की आपल्या टेबलावर काहीतरी आलं आहे.

सदऱ्याचा डाग धुतल्यावरही निघाला नाही. वसुंधरेने दोनदा विचारलं, नेमके कुठे फिरायला जाता?

१९ जानेवारी

आगाशीच्या बाजारात रद्दीवाल्याकडे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. समुद्री गोगलगायी, पानोपानी रंगीत फोटो. तीन दिवस घालून मी दोनशे बारा फोटो ओळीने तपासले, भिंग घेऊन. शिंगं, कान, ठिपके, कडी. माझी गोगलगाय त्यात नाही.

नाही म्हणजे नवीन आहे. अजून जगाला माहीत नसलेली.

वसुंधरेने पुस्तक उलटून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, हे जपानच्या समुद्राचं आहे." मी म्हटलं, समुद्र सगळे एकमेकांना जोडलेलेच असतात. ती नुसती हसत आत गेली.

नवीन प्राण्याला शोधणाऱ्याचं नाव देण्याची पद्धत आहे म्हणे. 'खटावकरी'. मी मागच्या पानावर लाल शाईने लिहून पाहिलं. शोभतं.

२९ जानेवारी, मंगळवार

काल पौर्णिमा झाली. आज ओहोटी चांगली लांब होती. चौथ्या कुंडात एक नाही, सात गोगलगायी!

ठिपक्यांची मांडणी प्रत्येकीची वेगळी आहे. लोकांना सगळ्या सारख्याच वाटतील, पण सह्यादेखील लोकांना सारख्याच वाटतात. मी घरून पोस्टकार्डाच्या मापाची कोरी कार्डं नेली होती. प्रत्येकीचं एक कार्ड केलं. डाव्या कानामागचे ठिपके काढले, लांबी लिहिली, तारीख, वेळ. खाली 'पडताळणी' असा रकाना आणि माझी सही.

काम करताना मागून कुणी ओरडलं, "अरे ए बाबा! नको हात लावू तिला! बालतीन हाय!"

पाहतो तर एक बाई, डोक्याला फडकं, हातात कालवं फोडायची कोयती. राजोडीची रोझलीन, ओहोटीला खडपावरची कालवं काढायला येते. वयाने माझ्याएवढी असेल, पण मला सरळ 'अरे' आणि 'तू'. सत्तावीस वर्षांत मॅनेजरनेही मला 'तू' म्हटलं नव्हतं.

तरी अभ्यासकाने मान-अपमान बघू नये. विचारलं, "हिला तुमच्यात काय म्हणतात?"

वारा जोराचा होता. ती ओरडली, "सांगितला ना! बालतीन!"

लगेच नोंद केली. स्थानिक नाव: बालतीन. घरी येऊन विचार केला तेव्हा उलगडा झाला. बाल म्हणजे केस. डोक्यावरची शिंगं-कान त्यांना केसांसारखे दिसत असणार. तीन केसांची ती बालतीन. प्रत्यक्षात मात्र दोन शिंगं आणि दोन कान मिळून चार आहेत, मी स्वतः मोजलेत. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर राहून या लोकांची मोजणीत चूक व्हावी, याचं आश्चर्य वाटतं.

एक वाईट गोष्ट. कुंडात कुणीतरी उरलेले नूडल्स फेकले आहेत. फिकट पिवळा, शेवयांसारखा गुंताच्या गुंता, खडकाच्या कडेला. एवढं दुर्मीळ जनावर, आणि त्याच्या घरात खरकटं! सगळं काढून पिशवीत भरलं आणि रस्त्याच्या कचराकुंडीत टाकलं.

३१ जानेवारी

आज परत शेवया! सरळ शत्रुघ्नला गाठलं. किनाऱ्यावरच्या कॉटेजसमोर त्याची चायनीजची गाडी आहे, पाटीवर ड्रॅगन, आणि ड्रॅगनच्या तोंडात मिरची.

मी पिशवी त्याच्यापुढे धरली. "हे तुझं आहे ना?"

त्याने डोकावून पाहिलं, वास घेतला. "काका, आईशप्पथ, आपला माल नाय हा. आपला नूडल जाडा असतो. आणि कोनी फेकत पन नाय, लोक प्लेट चाटून जातात."

"मग समुद्रात नूडल्स आपोआप उगवतात काय?"

तो म्हणाला, "ते मला काय माहीत, तुम्ही शिकलेले ना." गुन्हेगार असेच बोलतात. बँकेतही ज्याची सही खोटी असे, तोच जास्त शपथा घेई.

कार्डं आता अकरा झाली. क्रमांक तीन आणि पाच सतत एकमेकींच्या पाठीवर असतात. भांडकुदळ स्वभाव दिसतो.

५ फेब्रुवारी

ज्ञानदा आली. पोट एवढं मोठं की रिक्षातून उतरताना आधी पोट, मग ती. मला बघून हसली आणि म्हणाली, "बाबा, तुमचे हात जांभळे का?" मी सगळं सविस्तर सांगितलं, कार्डं दाखवली. अर्ध्यातच ती बसल्याबसल्या झोपली. या दिवसांत झोप फार येते म्हणतात.

घरात आता एकच विषय. बाळंतीण कुठल्या खोलीत झोपणार, बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून कुठली खिडकी बंद, बाळंतिणीसाठी अळीव, डिंक, बाळंतशेपा. वसुंधरेने मला यादी दिली. हा शब्द ऐकून ऐकून डोकं उठलं आहे. म्हणून मी आत बसून बालतीनवरचा अहवाल लिहायला घेतला.

ज्ञानदा झाली तेव्हा मी वाईच्या शाखेत होतो आणि ऑडिट चाललं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचलो. वसुंधरा त्यावर कधी काही बोलली नाही, आणि एवढ्या एकाच गोष्टीवर ती बोलत नाही.

अळीव आणायचे राहिले.

८ फेब्रुवारी

अहवाल पूर्ण. मुंबईच्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाला रजिस्टर पोस्टाने पाठवला, सोबत अकरा कार्डांच्या झेरॉक्स. मुख्य मुद्दे इथे उतरवून ठेवतो.

प्रकार: समुद्री गोगलगाय, नवीन. सुचवलेलं नाव: खटावकरी. स्थानिक नाव: बालतीन, अर्थ तीन केसांची (स्थानिकांची मोजणी सदोष). अधिवास: कळंबची खडपं, कुंड क्रमांक चार, हिरवं शेवाळ भरपूर, पाणी स्वच्छ, कारण मी स्वतः ते साफ ठेवतो. धोका: चायनीज.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

आज चौथी पिशवी. शत्रुघ्नने चिडून मला त्याचा कच्चा नूडल दाखवला, म्हणाला, "जोडून बघा काका, तुम्ही बँकवाले ना." मी म्हटलं, मला तुझ्या नूडल्समध्ये रस नाही.

पिशवी कचराकुंडीत टाकून एसटीची वाट पाहत होतो, तेवढ्यात रोझलीन आली, तीच पिशवी उचलली आणि पदराखाली धरून खडपांकडे परत गेली. कोंबड्यांना घालत असेल. मी बघितलं न बघितलंसं केलं.

जाताना मात्र माझ्याकडे तिने असं पाहिलं, जसा मी बनावट चेकवाल्याकडे बघायचो. का, ते कळलं नाही.

२१ फेब्रुवारी

उत्तर आलं! डॉ. सुरुची वझे, प्राणिशास्त्र विभाग. 'आपला अहवाल अतिशय रोचक वाटला. १ मार्च रोजी सकाळी ओहोटीच्या वेळी प्रत्यक्ष येते.'

पाकिटावर 'श्री. शांताराम खटावकर' असं टाइप केलेलं आहे. पोस्टमनने सही माझी घेतली.

वसुंधरा म्हणाली, "एक मार्च? अहो, डॉक्टरांनी ज्ञानदाची तारीख सत्तावीसची दिलीये." मी म्हटलं, मग काय, दोन दिवसांचं अंतर आहे. ती म्हणाली, "बाळ काय ओहोटी बघून येतं का?" आणि भाजी चिरायला लागली. भाजी जरा जास्तच बारीक चिरली.

२८ फेब्रुवारी, गुरुवार

सगळं क्रमाने लिहितो.

काल पहाटेच कळंबला गेलो. डॉक्टरबाई यायच्या आधी कुंड लख्ख हवं. सहावी पिशवी भरली. गोगलगायी चारच दिसल्या, त्याही मलूल. क्रमांक पाचला हळूच सरळ करायला गेलो तर सगळी शाई माझ्या उजव्या हातावर.

तेवढ्यात पुळणीवरून ओरडा. एसटीचा कंडक्टर गाडी उभी करून, तोंडाशी हात धरून बोंबलत होता, "ओ गोगलगायवाले काका! तुमची मुलगी दवाखान्यात! बाईंनी निरोप दिलाय, चला!"

अख्खी एसटी खिडक्यांतून माझ्याकडे बघत होती. मी पिशवी हातातच घेऊन पळालो. वाळूत पळायची सवय नाही, एक चप्पल तिथेच राहिली. गाडी मधल्या एकाही थांब्यावर थांबली नाही आणि कुणी तक्रारही केली नाही.

दवाखान्यात पोचलो तेव्हा विघ्नेश डोंबिवलीहून नुकताच निघाला होता. वसुंधरा आत. सिस्टर मेरी म्हणून होत्या, त्यांनी फॉर्म पुढे केला, माझ्या एका पायाकडे आणि मग जांभळ्या अंगठ्याकडे पाहिलं आणि फार मायेने म्हणाल्या, "बाबा, लिहायला येत नाही तर लाजू नका. अंगठा इथे लावा. शाई आहेच की लावलेली."

एकोणीस वर्षं मी लोकांच्या सह्या तपासल्या. पण आतून ज्ञानदाचा आवाज आला आणि पेन मागण्याइतकाही धीर राहिला नाही. मी अंगठा लावला.

दहा वाजून पाच मिनिटांनी मुलगी झाली. दोघी सुखरूप. सिस्टरने नात माझ्या हातात दिली तेव्हा मी वसुंधरेकडे बघत होतो. ती म्हणाली, "पोचलात वेळेवर." इतकंच. मला खूप बरं वाटलं.

शेवयांची पिशवी दवाखान्याच्या कचरापेटीत टाकली.

२ मार्च, शनिवार

काल लिहिता आलं नाही.

डॉ. सुरुची वझे म्हणजे मी चष्मेवाले, टक्कल पडलेले गृहस्थ धरून चाललो होतो. पत्रात सुरुची असूनही. आल्या त्या तिशीच्या, गुडघ्यापर्यंत पँट दुमडलेल्या, पायात रबरी सपाता. चौथ्या कुंडाशी वाकल्या, दोनच गोगलगायी उरल्या होत्या, त्या पाहून लगेच हसल्या.

"काका, ही नवीन नाहीये. हिला दीडशे वर्षांपूर्वीच नाव दिलंय. आपल्या किनाऱ्यावर थंडीत येते. त्या लॅटिन नावाचा अर्थ आहे डोळे असलेली. ते ठिपके डोळ्यांसारखे दिसतात ना, म्हणून."

मी म्हटलं, "असं का." खटावकरी गेली. चेहरा मात्र सरळ ठेवला. त्यांनी माझा अहवाल काढला.

"पण हे स्थानिक नाव मला माहीत नव्हतं. बालतीन, तीन केसांची?"

रोझलीन पलीकडच्या खडकावर कालवं फोडत होती. डॉक्टरबाईंनी तिलाच हाक मारली, "मावशी, हिला बालतीन का म्हणतात हो?"

"बालतीन नाय, बालंतीन!" रोझलीन उठून जवळ आली. "पोर झाला की बाय काय होते? बालंतीन. ही इथं पोरांना जन्म द्यायला येते, म्हनून बालंतीन. पहिल्या दिवसापासून सांगतंय याला, बालंतीन हाय, नको हात लावू. याला समजतच नाय. शिकलेला हाय ना."

डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. "म्हणजे इथे अंडी घातली होती? काका, अहवालात अंड्यांचा काही उल्लेख नाही. पिवळसर, शेवयांच्या गुंत्यासारखी असतात."

रोझलीननेच सांगितलं, "तीच तर! हा बाबा पिशवी भरभरून कचऱ्यात टाकतो ती."

"किती पिशव्या?" डॉक्टरबाईंनी हळू आवाजात विचारलं.

"सहा," मी म्हटलं. मोजणीत माझी चूक होत नाही.

एकेका गुंत्यात लाखो अंडी असतात म्हणे. ही गोगलगाय जेमतेम वर्षभर जगते. अंडी घालते आणि मरते. तीन आणि पाच भांडत नव्हत्या. एकोणीस वर्षं मी खोटी सही कधी जाऊ दिली नाही, आणि इथे खऱ्या सह्यांची चळत खोटी म्हणून टोपलीत फेकली. शत्रुघ्न 'जोडून बघा' म्हणाला तेव्हाही जोडून पाहिलं नाही.

मला तिथेच खडकावर बसावंसं वाटलं. बसलो. खाली कालवं होती, पँट फाटली.

डॉक्टरबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या माझी मूळ कार्डं बघत बसल्या. एक, दोन, तीन करत पुन्हा पहिल्यापासून. म्हणाल्या, "काका, तुम्ही सात नंबरची तीच आहे हे दोन आठवड्यांनी कसं ओळखलंत?"

"डाव्या कानामागचा तिसरा ठिपका जोडठिपका आहे. सही ओळखतो तसं."

"एकेका जनावराची अशी नोंद मी तरी कुठे पाहिलेली नाही. मला या सगळ्याची प्रत द्याल?"

मी देतो म्हटलं. पण आनंद झाला नाही.

घरी येऊन सगळं सांगितलं. ज्ञानदा इतकी हसली की टाके दुखले म्हणून रडली आणि रडतारडता परत हसली. वसुंधरा म्हणाली, "अहो, महिनाभर या घरात दुसरा शब्द चालू नाही! बाळंतीण, बाळंतीण, बाळंतीण! तुमच्या कानात शिरला कसा नाही?"

मी नातीला मांडीवर घेऊन बसलो. तिच्या डाव्या कानामागे एक बारीक तीळ आहे. तो अजून कुणी पाहिलेला नाही.

४ मार्च

शत्रुघ्नची माफी मागितली. त्याने हाक्का नूडल्सची प्लेट खायला लावली. दोन घास गेले, तिसरा जाईना. आता या पदार्थाकडे मला तसं बघता येत नाही.

१६ मार्च, शनिवार

अमावास्येनंतरची ओहोटी. चौथं कुंड रिकामं. ठिपका नाही, शाई नाही, शेवया नाहीत. स्वच्छ आहे. इतकं स्वच्छ की बघवेना.

रोझलीन भेटली. मी तिला म्हटलं, "माझ्या हातून फार वाईट झालं." तिने कोयती खाली ठेवली.

"चल माज्याबरोबर," म्हणाली आणि पलीकडे, मोठ्या खडकाच्या आडोशाला असलेल्या एका कुंडाशी घेऊन गेली. "तू टाकायचास ना, तशी मी उचलायची आनि इथं पान्यान सोडायची. चार पिशव्या सोडल्या. एक कचऱ्याची गाडी घेऊन गेली. एक तर तू घेऊनच पळालास, मुलीच्या टायमाला."

तिला म्हटलं, मला वाटलं तुम्ही कोंबड्यांना नेता.

"कोंबड्यांना?" तिने कपाळावर हात मारला. "पोरं ना ती कोनाची तरी! कचऱ्यान कशी टाकू?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वारं खारं होतं असं लिहिणार होतो, पण ही वही माझी एकट्याची आहे. मग तिला दवाखान्यातल्या अंगठ्याची गोष्ट सांगितली. ती पोट धरून हसली आणि राजोडीला जाईपर्यंत हसत असावी.

डॉक्टरबाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, पिल्लं फुटली असतील तर समुद्रात वाहत गेली. डोळ्याला दिसत नाहीत एवढी बारीक असतात. पुढच्या थंडीत इथेच परत येतील असं कुणी सांगू शकत नाही.

२२ ऑक्टोबर

बऱ्याच महिन्यांत लिहिलं नाही. नात सरपटते. डॉक्टरबाईंच्या टिपणात माझ्या कार्डांचा उल्लेख येणार आहे. वसुंधरेने शाळेतल्या सगळ्यांना सांगितलं, मला मात्र 'हो का?' एवढंच म्हणाली.

एसटीतले सगळे कंडक्टर आता मला ओळखतात. कळंब आलं की ओरडतात, "चला, गोगलगाय उतरा!" गोगलगायीला खटावकरांचं नाव मिळवून द्यायला निघालो होतो. उलटंच झालं.

रोज जातो. कुंड रिकामं असतं.

४ जानेवारी २००३, शनिवार

आज सकाळी चौथ्या कुंडात शेवया!

फिकट पिवळा, गुंताच्या गुंता, खडकाच्या कडेला. उन्हासाठी आणलेली छत्री माझ्या हातातून पडली. हात लावला नाही. बोटसुद्धा नाही. छत्री उघडून त्यावर सावली धरली आणि शेजारी उभा राहिलो. सहलीचं एक कुटुंब पाय धुवायला आलं, त्यांना हात जोडून परत पाठवलं. एक गृहस्थ म्हणाले, यात काय आहे एवढं? मी म्हटलं, "हळू बोला. बाळंतीण आहे इथे." ते बायकोला घेऊन घाईघाईने गेले.

दीड तासाने रोझलीन आली. मी ओठांवर बोट ठेवून खाली दाखवलं. ती वाकली, बघितलं, सरळ हात घालून एक शेवई उचलली आणि नाकाशी धरली.

"याला सोया सॉस हाय," ती म्हणाली.

वर रस्त्यावरून शत्रुघ्न ओरडत होता, "काका, काल रात्री ठाण्याची पार्टी आली होती, त्यांनी फेकला! खरंच फेकला! या टायमाला खरंच आपला माल हाय!"

मी छत्री मिटली. दहा महिने वाट पाहिली आणि दीड तास नूडल्सना सावली धरली. हसावं तर ते जमेना.

"आता रडू नको," रोझलीन म्हणाली. "इकडं ये."

तिने मला पलीकडच्या आडोशाच्या कुंडाशी नेलं, जिथे तिने चार पिशव्या सोडल्या होत्या. मी तिथे गेल्या आठवड्यातही पाहिलं होतं. पण तिने वाकून, शेवाळाचा एक झुपका नुसत्या फुंकरीने बाजूला केला. खाली, अंगठ्याच्या नखाएवढी. शेवाळी रंगाची. दोन शिंगं, दोन कान. ठिपके इतके बारीक की भिंग लावावं लागलं, पण प्रत्येकाभोवती कडं.

त्याच अंड्यांतली आहे की दुसरीकडून आली, हे डॉक्टरबाईही सांगू शकणार नाहीत. मला ते ठरवायचं नाही. मी गुडघ्यावर बसलो, खिशातून कोरं कार्ड काढलं आणि हात न लावता, श्वास रोखून काढत बसलो. क्रमांक बारा. डाव्या कानामागे चार ठिपके, दुसरा किंचित खाली. लांबी अंदाजे. स्थानिक नाव: बाळंतीण. शोध: राजोडीची रोझलीन.

शेवटचा रकाना पडताळणीचा. मी पेन उचललं आणि तसंच तिच्यापुढे केलं.

मला वाटलं होतं ती अंगठ्यासाठी शाई मागेल. तिने हात पदराला पुसला, कार्ड गुडघ्यावर ठेवलं आणि सफाईदार इंग्रजीत, एका झटक्यात, 'रोझलीन थॉमस तुस्कानो' अशी सही केली. शेवटच्या अक्षराला वळण देऊन खाली रेघ. इतकी सुबक सही मी आमच्या शाखेच्या मॅनेजरचीही पाहिली नाही.

"सिस्टरांच्या शालेत होती मी, नववीपर्यंत," पेन परत देत ती म्हणाली. "आता तू अंगठा कर."

मी हसलो, पेन खिशात ठेवलं. कार्ड क्रमांक बारावर एकच सही आहे. ती मी डोळ्यांनी पाहिली आहे, खरी आहे.